नापास फुलं

चेकरबाईंच्या नजरेतून कधी काही सुटायचं नाही, आणि त्यांच्या घरच्यांचं नेमकं हेच दुखणं होतं. नोकरीची सगळी वर्षं बाईंनी कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. भट्टीतून निघालेला कप उचलायचा, उजेडासमोर धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि निकाल लावायचा. पास झाला तर डावीकडे, नापास झाला तर उजवीकडच्या टोपलीत. टोपलीत गेलेला कप पुन्हा वर आला असं कधी घडलं नाही. एकदा खुद्द मालक येऊन म्हणाले होते, "बाई, एवढंसं तर आहे, चालून जाईल." बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बसा इथे." मालक काही बसले नाहीत.

पुढे बाई निवृत्त झाल्या. कप संपले, पण नजर कुठे निवृत्त होते? नवऱ्याने घडी घातलेला टॉवेल, दूधवाल्याचं माप, कुणाच्या बाळाचं नाक, सगळ्याचा निकाल लागायचा. नवरा जन्मभर बस चालवलेला माणूस. पाठीमागे कितीही कल्ला चालला तरी समोर बघत राहायची त्याला सवय होती, म्हणून संसार निभावला, असं गल्लीतले लोक म्हणत. ते खोटं नव्हतं.

तर अशा बाईंच्या हाती भोपळ्याचा वेल आला.

वेल साधासुधा नव्हता, आईचा होता. बाईंच्या लहानपणी घराच्या मागच्या कुंपणावर दर वर्षी तो चढायचा. बेताच्या आकाराचे, गडद हिरवे, वर पांढुरके पट्टे असलेले भोपळे. आत केशरी गर, आणि गोड असा की त्यात साखर घालणाऱ्याचा आई अपमान करायची. आईच्या मागे ताईने तो वेल जपला. दर वर्षी बी काढायचं, वाळवायचं, पुढच्या वर्षी पेरायचं. मग ताईचे गुडघे गेले, ती मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि उरलेलं बी डब्यात तसंच पडून राहिलं. शेवटी यंदा तिने ते रुमालात बांधून पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "धाकटे, माझ्याकडे आता माती नाही. तुझ्याच्याने काही होतंय का बघ. याच्यापुढे बी नाही हं."

बाईंनी मागच्या अंगणात सगळं बी पेरलं. बी जुनं झालेलं. बहुतेक कुजलं, उगवला तो एकच वेल. म्हणजे हिशोब सरळ होता. या एका वेलाला भोपळा लागला आणि पिकला, तर आईचा भोपळा जगात राहणार. नाहीतर संपला. बाईंनी उभ्या आयुष्यात कोथिंबिरीची काडी लावली नव्हती. पण टेबलावर आलेला माल नाकारायचा तर तपासून नाकारायचा, न बघता नाही, हा त्यांचा नियम होता.

वेल मात्र गुणी निघाला. बघता बघता न्हाणीघराच्या पत्र्यावर चढला आणि एक दिवस फुलला. मोठाली पिवळी फुलं. भिंतीपलीकडे चष्मेवाल्यांच्या परसात मधमाश्यांची पेटी होती. तिथून माश्या आल्या, फुलांत शिरल्या, लोळल्या, आणि अंगभर पिवळ्या होऊन बाहेर पडल्या. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. सगळं छान होतं, पण फुलाच्या मागे भोपळा काही दिसेना. नुसता लांब, बारीक देठ.

मग काही दिवसांनी एक वेगळं फूल आलं. त्याच्या मागे, देठाच्या टोकाला, गोटीएवढा हिरवा भोपळा. त्यावर चक्क पट्टेसुद्धा. बाईंचा जीव भांड्यात पडला. आता चांगला माल कसा दिसतो ते कळलं होतं. मागे भोपळा असलेलं फूल पास, मागे नुसतं देठ असलेलं नापास. त्यांनी लगेच फोन लावला. "ताई, लागला बरं का भोपळा." पलीकडून ताई रडली की हसली ते कळलं नाही, बहुधा दोन्ही.

त्या दिवसापासून बाईंनी डोळ्यांत तेल घालून वेल तपासायला घेतला. रोज संध्याकाळी त्या एकेक कळी उलटी करून बघायच्या. मागे भोपळा नसला की कळी खुडली आणि बादलीत टाकली. उमलूच द्यायची नाही. वेलाचा सगळा जीव असल्या दिखाऊ फुलांत का जाऊ द्यायचा?

"अगं, एवढी फुलं तोडतेस, वेलाला वाईट वाटेल," नवरा पायरीवर बसून म्हणाला.

"फुकट खाणारी आहेत ती. मागे काही नाही, पुढे काही नाही. नुसता रुबाब."

"मग मी आपला घरात जाऊन बसतो," तो म्हणाला आणि खरंच उठला.

आणि तो गोटीएवढा भोपळा पिवळा पडला, सुकला आणि गळला. दुसरं पास फूल आलं. तेही गळलं. तिसरंही तसंच. रविवारी ताईचा फोन यायचा. "केवढा झालाय गं?" बाईंना जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. पण ताईचा तो आवाज ऐकला की खरं सांगायला जीभच वळायची नाही. "मुठीएवढा झालाय," एका रविवारी म्हणाल्या. पुढच्या रविवारी तो नारळाएवढा झाला. मग पातेल्याएवढा.

"फोनवरचा भोपळा उचलायला आता दोन माणसं लागतील," नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चहा तसाच ठेवून बाहेर गेला.

आता दोष कुणाचा तरी असणारच. बाईंनी पाळत ठेवली आणि चोर सापडला. पास फूल उमललं रे उमललं की चष्मेवाल्यांच्या माश्या आत शिरायच्या. खुशाल तोंड घालून बसायच्या. बाईंना तो पहिल्या दिवसांतला देखावा आठवला, अंगभर माल फासून उडून जाणाऱ्या माश्यांचा. त्या तडक शेजारी गेल्या.

चष्मेवाले सज्जन गृहस्थ. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर काचा चढवून "आता बरं दिसतंय, की आता?" असं विचारायचं आणि समोरचा म्हणेल ते मान्य करायचं, हाच त्यांचा धंदा. वाद घालायची सवयच नव्हती. एकटे राहत, आणि संध्याकाळी पेटीसमोर खुर्ची टाकून चहा घेत.

"तुमच्या माश्या माझ्या फुलांत शिरतात," बाई म्हणाल्या.

"हो ना," चष्मेवाले खुशीत आले. "तुमच्या वेलामुळे यंदा त्यांची चंगळ आहे."

"त्यांची चंगळ आणि माझे भोपळे गळतात. माल चोरून नेतात त्या."

"नाही हो वहिनी, तसं नसतं. उलट त्या..."

"उलटसुलट मला नका सांगू. माझ्या आईचा वेल आहे. एकच आहे. ह्या माश्या इथून हलवा."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. दोन दिवसांनी पेटी टेम्पोत चढून त्यांच्या बहिणीच्या मळ्यावर गेली. तरी चष्मेवाले संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचेच, मोकळ्या जागेसमोर. नवऱ्याने ते पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. "मग मी काय करू?" बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत, म्हणजे आत कुठेतरी बोचलं होतंच.

माश्या गेल्या. भोपळे मात्र गळतच राहिले. वर ताईचा फोन आला. "धाकटे, मुलाला रजा मिळतेय. महिन्याभरात मला तुझ्याकडे सोडतोय. आईचा भोपळा बघायचाय मला डोळे भरून."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या संध्याकाळी त्या अंगणात गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कळ्या सोडून अख्ख्या वेलाकडे नीट बघितलं. जुनी पानं पांढरी पडायला लागली होती. वेल थकला होता. टोकाकडे एकच पास कळी उरली होती, सकाळी उमलेल अशी. बाकी काही नाही. बादलीत आत्ताच खुडलेल्या नापास कळ्या पडल्या होत्या, आणि पायाशी कालचा गळलेला भोपळा.

कारखान्यात एखादी अख्खी भट्टीच वाया गेली, की बाई कपाला दोष देत नसत. एक कप फोडायचा आणि आत बघायचं, अशी रीत होती. बाई पायरीवर बसल्या. गळलेल्या भोपळ्याचं फूल त्यांनी फाडलं. आत मधोमध जाडसर, चिकट गड्डे. कोरडे, स्वच्छ. मग बादलीतली नापास कळी फाडली. आत एक दांडी, आणि त्यावर पिवळी पूड. इतकी, की बोटाला लागली ती पुसता पुसेना. तोच पिवळा रंग त्यांनी माश्यांच्या अंगावर पाहिला होता. माश्या ह्या फुलातून निघायच्या आणि त्या फुलात शिरायच्या. बाई बोटाकडे बघत राहिल्या. मग कोरड्या गड्ड्याकडे.

"अहो," त्यांनी हाक मारली, आणि आवाज असा होता की नवरा एका चपलेवर धावत आला. "अहो, मी बश्या फेकून दिल्या."

"कुठल्या बश्या?"

"दोन मिळून एक होतं हो. एका फुलात पूड आहे, दुसऱ्याला ती लागते. माश्या नेऊन देत होत्या. आणि मी बशीला कान नाही म्हणून नापास करत बसले. रोज. एकूण एक." त्यांना रडू आलं, आणि रडताना त्या फारच रागावल्या, कारण चुकणं ही गोष्ट त्यांना नवीन होती. "सगळे नवरदेव बादलीत घातले मी."

नवरा शेजारी बसला. मग म्हणाला, "घरात एक तेवढा राहू दिलास, हेच माझं नशीब."

बाई रडता रडता हसल्या, आणि उठून शेजारी गेल्या. चष्मेवाले खुर्चीत बसले होते. "भाऊजी, चुकले मी," बाई म्हणाल्या. ते तीन शब्द बाहेर पडायला दाढ काढण्याइतका वेळ लागला. "तुमच्या माश्यांवर नको तो आळ घेतला. त्यांना परत आणा. आज आणता येईल?"

चष्मेवाल्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तुम्हाला हेच सांगणार होतो, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि त्यासाठी बाई त्यांच्या जन्माच्या ऋणी झाल्या. अंधार पडल्यावर माश्या आत आल्या की पेटी बंद करून आणतो, म्हणाले. मग भिंतीशी येऊन त्यांनी वेल निरखला. "एकच मादी फूल उरलंय, वहिनी. पण तुमच्या वेलावर आता नर फूल एकही नाही. कळीसुद्धा नाही. बादलीतल्या कळ्या कोवळ्या आहेत, त्या काही कामाच्या नाहीत."

"मग?"

"माझा वेल आहे की. उशिरा लावला, आत्ता कुठे फुलायला लागलाय. त्याचं फूल चालेल." ते थांबले. "पण सांगून ठेवतो. माझा साधा, बाजारातला लाल भोपळा. फळ तुमच्या आईच्याच वेलाचं येईल, त्यात फरक नाही. पण आतलं बी मिश्र होईल. पुढच्या वर्षी त्यातून काय निघेल, सांगता येत नाही."

त्या रात्री बाई नुसत्या कुशी बदलत राहिल्या. कडेला केसाएवढी चीर असली तरी ज्यांनी कप पास केला नाही, त्यांनी आईचा भोपळा भेसळ करून पुढे पाठवायचा? आणि नाही पाठवायचा, तर मग काय, ताईला रिकामा वेल दाखवायचा? काही केल्या निकाल लागेना. "तुम्ही काय म्हणता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. लग्नापासून त्यांनी त्याला असं विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो दचकून उठून बसला. "मला वाटतं," तो जपून म्हणाला, "अर्धी आई असणं, हे आई नसण्यापेक्षा बरं."

सकाळी शेवटचं फूल उमललं. चष्मेवाले आपल्या वेलाचं एक टवटवीत फूल हातात धरून भिंतीपाशी आले. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. "मुलाकडचे आलो," ते म्हणाले. नवऱ्याने स्टूल आणलं आणि पुढे होऊन त्यांचं स्वागत केलं. दोघा पुरुषांना फारच मजा वाटत होती. बाईंना काही सुचत नव्हतं. त्यांनी नर फुलाच्या पाकळ्या काढून टाकल्या, दांडी चिमटीत धरली. कपाच्या कडेवरून फिरलेलं तेच बोट, पण आज निकाल लावायला नाही, विनवणी करायला पुढे झालेलं. पिवळी पूड त्यांनी चिकट गड्ड्यांना हलकेच लावली. सगळीकडे लागली की नाही, म्हणून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला वाकल्या तोच भिंतीवरून एक माशी आली, बाईंच्या बोटाला वळसा घालून सरळ फुलात शिरली आणि कामाला लागली.

"सरका वहिनी," चष्मेवाले म्हणाले. "जाणकार माणूस आलाय."

बाई सरकल्या.

भोपळा गळला नाही. पहिले काही दिवस बाई त्याला नुसत्या नजरेनेही हात लावत नव्हत्या. मग तो वाढू लागला. त्याच्याखाली त्यांनी जुनी गादी घातली. माश्या येत जात राहिल्या आणि चष्मेवाल्यांचा चहा आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना होऊ लागला. पण ताई आली तेव्हा फोनवर पातेल्याएवढा असलेला भोपळा प्रत्यक्षात जेमतेम पेरूपेक्षा मोठा होता.

ताई काठी टेकत अंगणात आली. चष्मा सारखा करून तिने बघितलं. "हा गं? तू तर म्हणालीस..."

बाईंनी सगळं सांगून टाकलं. बादली, माश्या, फोनवरची थाप, आणि शेवटी ते सगळ्यात जड. "आणि ताई, बी आता शुद्ध राहिलं नाही. आईचं जसं होतं तसं मी पुढे ठेवू शकले नाही. शेजाऱ्यांच्या वेलाचं फूल लावलंय. पुढच्या वर्षी हे पट्टे येतील की नाही, देव जाणे."

ताई स्टुलावर बसली आणि हसायला लागली. काठीसकट हलत होती.

"हसतेस काय?"

"अगं वेडे, आईच्या भोपळ्याला पट्टे नव्हतेच मुळी. मी लहान होते तेव्हा तो गुळगुळीत असायचा, एकरंगी. मग शेजारी ती मावशी राहायला आली. तिने कुंपणाच्या पलीकडे आपला वेल लावला, तो पट्ट्यांचा. त्यानंतर आपल्या भोपळ्यांना पट्टे यायला लागले. तू त्या वेळी रांगत होतीस. तुला दिसला तो तोच."

बाई उभ्याच राहिल्या. "आईला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? मी चिडले होते, आपला भोपळा बिघडला म्हणून. तर आई म्हणाली, मावशी माणूस चांगली आहे, तिचं थोडं आपल्यात आलं तर काय बिघडलं. आणि त्या वर्षीपासून तो गोड लागायला लागला, बरं का. आधीचा तर पाणचट होता."

जन्मभर ज्या चवीला बाई आईची चव म्हणत आल्या, ती कुंपणापलीकडून आली होती, आणि आईने ती बघून, ओळखून पास केली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना आई फार आवडली त्या क्षणी, आधी आवडायची त्याहूनही जास्त.

भिंतीपलीकडून चष्मेवाल्यांनी ताईला नमस्कार केला. ताईने त्यांच्या वेलाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, अगदी नीट, वरपासून खालपर्यंत. तपासणी घराण्यातच होती म्हणा.

"तुमचा कसा आहे हो भोपळा? गोड?"

"बेताचाच आहे," चष्मेवाले प्रामाणिकपणे म्हणाले. "पण टिकतो खूप."

"चालेल," ताई म्हणाली आणि धाकटीकडे वळली. "निघालं बी की अर्धं मला पाठव. मुलाच्या गॅलरीत मोठी कुंडी बसेल. कसा निघतो बघू."

"कसा निघेल सांगता येत नाही गं," चेकरबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही.